पोस्टाच्या खिडकीतला डोळा

‘‘मोठे डोळे करून वर बघा,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांच्या बायकोने वर पाहिलं. डावी पापणी अर्ध्यावरच अडकली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या भुवईखाली हलकेच बोट फिरवलं. ‘‘गाठ आहे. तिच्या वजनाने पापणी उतरलीय. जुने फोटो आणलेत ना?’’

मास्तरांनी पिशवीतले फोटो टेबलावर मांडले. ते शाळेत भूमिती शिकवत. पुराव्याशिवाय त्यांना काही पटत नसे. डॉक्टरीणबाईंनी भिंग हाती देताच तेही वाकून बघू लागले. लग्नातल्या फोटोत डावी पापणी उतरलेली. त्याआधीच्या, कॉलेजातल्या फोटोतही जराशी उतरलेलीच.

‘‘म्हणजे फार जुनी आहे, हळूहळू वाढलीय,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘स्कॅनमध्येही साधीच दिसतेय, घाबरू नका. पापणीच्या घडीतच चीर देऊन काढू. व्रणसुद्धा दिसायचा नाही.’’

बायकोचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा मात्र चेहरा उतरला.

लग्नाआधी ती पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकायची. एके दिवशी मास्तरांनी पाकीट पुढे सरकवलं आणि तिने चक्क डोळा मारला! मग काय, मास्तरांना रोज कुणाला तरी पत्र लिहावंसं वाटू लागलं. ही गोष्ट ते येईल-जाईल त्याला रंगवून सांगत. ‘‘काहीतरीच! मी नाही हो मारला,’’ असं ती दर वेळी म्हणायची. लाजत असेल, असं मास्तर धरून चालले होते. आता उलगडा झाला. बिचारी खरंच सांगत होती. पापणी गाठीने पाडली, आणि आपण उगाच हुरळून गेलो.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठीच्या तपासणीतही काही वावगं निघालं नाही. टाके काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाती आरसा दिला. दोन्ही डोळे सारखे उघडले होते. मास्तरांनी पाहिलं आणि उसासा टाकला.

‘‘अहो, आवडलं नाही का?’’

‘‘छान दिसतेयस गं. पण ती पोस्टातली गोष्ट आता कुठल्या तोंडाने सांगू? डोळा तू मारलाच नव्हतास. ती गाठ होती.’’

तिने आरसा खाली ठेवला. दाराकडे नजर टाकली. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या होत्या.

‘‘सिद्धता चुकली तुमची, मास्तर. गाठ डाव्या डोळ्यावर होती.’’ आणि तिने उजवा डोळा मिटून उघडला. ‘‘त्या दिवशी मी हा मारला होता.’’