निरोपाची शाल

निवृत्तीच्या समारंभात ह्यांना शाल मिळाली, माझीही ओटी भरली. नारळ मांडीवर घेऊन मी खुशीत बसले होते. आता दोघांनी गावी राहायचं, बाग करायची, असं आमचं ठरलं होतं. ह्यांच्याच आग्रहाखातर मी संक्रांतीनंतर माझा शिवणक्लास बंद करून मशिनंही देऊन टाकली होती.

तेवढ्यात मोठे साहेब माइकवर म्हणाले, “दाभाडे कुठेही जात नाहीयेत! सल्लागार म्हणून आणखी तीन वर्षं इथेच. दिवाळीतच होकार दिलाय त्यांनी.”

टाळ्या वाजल्या. ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

रिक्षात म्हणाले, “तोवर एखादा क्लास लाव. वेळ जाईल तुझा.”

मी ह्यांच्या खांद्यावरची शाल ओढून स्वतःच्या अंगावर घेतली.

“द्या इकडे. रिटायर मी झालेय.”