अंगावेगळं

“काही दुखायलंय का?” नर्स सुमनबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“पाळी?”

“येळेवर येते.”

“मग भ्यायलाव कायला? तपासणीच तर हाय. तिशी उलटलेल्या समद्याच बायांची करायलोत.”

काही दुखत नव्हतं, हीच तर महानंदाची खरी भीती होती. तिच्या थोरल्या बहिणीला, कस्तुराक्काला, सुरुवातीला काहीच दुखत नव्हतं.

जनाना तपासणीची खोली लहानशीच. एक उंच पलंग, हिरवा पडदा आणि कोपऱ्यात स्टोव्हवर उकळत पडलेली हत्यारं. तो खळखळाट ऐकायचा नाही असं महानंदानं ठरवलं, आणि मग तिला दुसरं काही ऐकूच येईना. डॉक्टरीणबाई नवं राज्य झाल्यावर पुण्याकडून बदलून आलेल्या. मराठी फार भरभर बोलायच्या. हात धूत त्या म्हणाल्या, “लुगडं सैल करा आणि निजा.”

बाहेर व्हरांड्यात तिची आई, गंगम्मा, बसली होती. चुडाव्याहून सकाळच्या गाडीनं लेकीला तीच घेऊन आली होती. गाडीत दोघी फारशा बोलल्या नाहीत. परभणीला उतरल्यावर मात्र गंगम्मानं लेकीच्या गळ्याकडं पाहिलं, तिचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “काढ म्हनल्या तर तशीच उठून ये. अक्का आली तशी.”

एक लेक गेली म्हणून दुसरीला दाखवायला आणायचं, आणि वर हेही सांगायचं. म्हातारीच्या पोटात दोन्ही भीती एकदमच नांदत होत्या. तिला दोष तरी काय द्यायचा?

तीन वर्षांमागं कस्तुराही अशीच तपासायला गेली होती, दुसऱ्या एका दवाखान्यात. गळ्यातलं सगळं काढा, असं तिथल्या बाईनं सांगितलं. कस्तुरानं सोनं काढलं. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी मात्र काढेना. दीक्षा झाली की लिंग अंगावेगळं करायचं नसतं. केलं तर जीवच गेला म्हणायचा. कस्तुरा लाजाळू. का, ते काही तिनं सांगितलं नाही. नेसतं लुगडं सावरून पलंगावरून उतरली आणि घरी आली. गावच्या स्वामींनी मठात चार लोकांत तिचं कौतुक केलं. गंगम्मानं त्या दिवशी पुरण घातलं. मग पुन्हा दाखवायची गोष्ट कोणी काढली नाही, कस्तुरानंही नाही. वर्षभरात तिचा रंग उतरला, अंगावरचं जाणं थांबेना, आणि कळलं तेव्हा इलाज उरला नव्हता. समाधीत बसवताना रीतीप्रमाणं तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. बोटं मिटेनात. गंगम्मानं खाली वाकून एकेक बोट मिटवलं होतं.

महानंदा पलंगावर निजली. डॉक्टरीणबाईंनी कानाला नळी लावली आणि तिच्या गळ्याकडं बोट केलं.

“हे काढा. छाती ऐकू दे.”

महानंदाचा हात डबीवर गेला. ती उठून बसली, पाय खाली सोडले. फरशी पायाला लागली. आता दाराबाहेर जायचं तेवढं राहिलं होतं. पण भीती लाजेच्या पुढं गेली होती, आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

“लिंग हाय. काढायचं नसतंय.”

डॉक्टरीणबाईंनी डबीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“मग हातात धरा की. दोरा पुरतोय ना?”

दोरा पुरत होता. महानंदानं डबी बाजूला ओढून डाव्या हातात घेतली आणि पुन्हा निजली. रोज सकाळी पूजेला ती याच हातात लिंग घेई. आज मात्र तो हात तिला अक्काचा वाटला. छाती ऐकून झाली आणि खालून गार काहीतरी लागलं. तिनं डोळे मिटले, मूठ आवळली आणि मनात पंचाक्षरी म्हणू लागली. दहा-बारा वेळा म्हणून झाली असेल नसेल, तोच डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या.

“झालं. काही नाही. सगळं ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा दाखवा.”

महानंदा उठली नाही. तिला हुंदका आला आणि तो आवरेना.

“अहो, चांगलं सांगितलं मी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“व्हय,” महानंदा म्हणाली, आणि रडतच राहिली.

ती बाहेर आली तशी गंगम्मा भिंतीला धरून उभी राहिली. लेकीचे डोळे पाहून तिचा चेहराच उतरला.

“काय म्हनल्या?”

“काय न्हाई. समदं चांगलं हाय.”

गंगम्मानं हात जोडून कपाळाला लावले. मग हळूच तिनं विचारलं, “काढाया लावलं का?”

“छाती ऐकायची होती. काढा म्हनल्या.”

“मंग?”

“मी म्हनलं, लिंग हाय. तर म्हनल्या, हातात धरा.”

“हातात?”

“व्हय.”

“येवढंच?”

महानंदाला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

“येवढंच, आई.”

गंगम्मा पुन्हा खाली बसली. परतीच्या गाडीला वेळ होता. सुमनबाईंनी आतून पुढच्या बाईचं नाव पुकारलं. महानंदा आईशेजारी टेकली, पण गंगम्माचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं आपला डावा तळहात मांडीवर पसरला होता, आणि उजव्या हातानं ती त्याचं एकेक बोट मिटवत होती.