पोळपाट

घणसोलीतल्या बायकांच्या कॉम्प्युटर वर्गाला अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवायला कंपनीच्या मॅडम आल्या होत्या. वर्ग चालवणारी माझी बायको दिवाळीआधी गेली. “शिकवणाऱ्या बाईच नाहीत, मग वर्ग चालणार कसा?” मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात बाजारात कांदे निवडणाऱ्या, याच वर्गात शिकलेल्या आरिफाने आमच्या घरचा पोळपाट सतरंजीवरच्या घाबरलेल्या मावशींच्या माउसखाली सरकवला. “मावशी, विंचू आहे का तो? चपाती लाटताना फिरतो तसा हलका हात फिरवा.” स्क्रीनवरचा बाण हवा तिथे पोहोचला, मावशी खुदकन हसल्या. “ही युक्ती कुणाची?” मॅडमनी विचारलं. “माझ्या बायकोची!” मी मोठ्यानंच म्हणालो. मॅडमनी अनुदान मंजूर केलं. आरिफाने पोळपाट पुसून माझ्यापुढे धरला. “काका, आता टेबलं येतील. हा घरी न्या.” “मी खानावळ लावलीय गं. हा तिच्या वर्गातच राहू दे.”