गच्चीवरचे गोचीड

नकाशावर एकच ठिपका होता. तिने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. डोंगर बाजूला सरकला, ओढा सरकला, आणि ठिपका नेमका संस्थेच्या याच इमारतीवर येऊन थांबला.

"चारशे बारा गोचीड," ती म्हणाली, "सगळे आपल्या गच्चीवर सापडले?"

वेचले तिनेच होते. तीन वर्षं गवतावरून पांढरं फ्लॅनेल ओढत ती डोंगर फिरली होती. चिकटलेला एकेक जीव चिमट्याने उचलायचा, बाटलीत टाकायचा, चिठ्ठीवर जागा लिहायची. पेन्सिलने, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मग इथे त्यांची जनुकं वाचली जात, पोटातल्या जंतूंचीही, आणि सगळं डेटाबेसमध्ये चढे. कुठल्याही गावच्या डॉक्टरला पाहता यावं म्हणून.

"जागेचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही, बाई," नोंदणीवाला मान खाली घालून म्हणाला. "चिठ्ठ्या फ्रीझरमध्ये, बाटल्यांच्या आत. कोण काढत बसणार? संस्थेचा पत्ता टाकला. मग पुढे सगळीकडे तोच आपोआप येत गेला."

"आपोआप!"

"तात्पुरता हो."

तिची भाची पाच दिवस तापाने फणफणत होती. काल वेणी घालताना बहिणीला पोरीच्या कानामागे काळी खपली दिसली, गोचीड चावल्याची खूण. बहिणीकडून कळताच तिने डॉक्टरांना फोन केला. "आमच्या डोंगरावरच्या गोचिडांत या तापाचा जंतू आहे, मी स्वतः वेचलेत." डॉक्टर म्हणाले, "मी डेटाबेस पाहिला. तुमच्या डोंगराची एकही नोंद नाही. नोंद दाखवा, या मिनिटाला औषध बदलतो." आज सकाळी भाचीच्याच शाळेतली आणखी दोन मुलं तशाच तापाने दवाखान्यात दाखल झाली.

"होईल हो दुरुस्त," पलीकडच्या टेबलामागून संस्थेचे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "परिषद एकदा उरकू दे. आता नोंदी हलवल्या तर तिथे दाखवायचे माझे सगळे तक्ते कोलमडतील. आणि चूक कुणा एकाची नाही, बाई. यंत्रणा असते."

"यंत्रणेला ताप येतो का, साहेब?"

"आवाज खाली."

तिने आवाज खाली केला. पिशवीतून आज सकाळीच डोंगरावर भरलेली बाटली काढली. आत ओल्या गवताच्या काडीवर सतरा गोचीड चढत होते, जिवंत. तिने झाकण फिरवलं आणि बाटली साहेबांच्या टेबलावर उपडी केली.

"अहो! डोकंबिकं फिरलंय का?"

"घरी सोडतेय त्यांना. तुमच्या नकाशात ते इथलेच आहेत."

साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. नोंदणीवाला एव्हाना दारात पोचला होता.

"तू कुठे निघालास? फ्रीझरमधल्या बाटल्या आण. पहिल्या नंबरपासून."

तो पळत गेला, पळत आला. तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. बाहीवर चढणारा एक गोचीड न बघताच चिमटीत धरून बाटलीत टाकला. मग पहिल्या बाटलीतली चिठ्ठी उजेडात धरली. पेन्सिलीची अक्षरं तीन वर्षांनीही स्वच्छ होती.

शाळेच्या मागचं गवत.