पुढे ढकलायची गोळी

त्या एका गोळीत कुमुदताईंचा फायदाच फायदा होता. लेकीची, ऋजुताची, पाळी दरवर्षीसारखी पुढे ढकलली जाणार, गौरीचं सोवळं टिकणार आणि बारा माणसांच्या पुरणपोळ्या तिच्या हातून लाटून होणार.

"डॉक्टरांनी बजावलंय, हार्मोन्स आधीच बिघडलेत, मनाने काही घ्यायचं नाही," ऋजुता म्हणाली. "तीन महिने पत्ता नाही पाळीचा. येऊ दे की बिचारीला!"

ती रोज टेकडी चढली, औषधं चुकवली नाहीत. आणि नेमकी गौरीजेवणाच्या सकाळी, पुरण शिजत असताना, न्हाणीघरातून आरोळी आली, "आई, आली!"

कुमुदताईंनी आधी हात जोडले. तीन महिने घोर त्यांनाही होताच. सोवळं आठवलं ते नंतर, तेही नणंदेने आठवण केली म्हणून.

"वहिनी, हिला आता बाहेर बसवणार ना?"

"बसवते की. पोळ्या तुम्ही लाटताय ना, वन्सं?"

वन्संना एकाएकी गौरीची वेणी सारखी करायची आठवण झाली.

कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून ऋजुताने पोळ्या लाटल्या. बाराही जण तृप्त होऊन उठले, गौरी हसतच होत्या. नुकसान झालंच असेल, तर ते एकट्या सोवळ्याचं.