हो किंवा नाही, तेवढं सांगा

सकाळची फेरी संपवून लटारूने जिप्सी गेटबाहेर काढली, खिडकीवरून आपला मोबाईल परत घेतला आणि चालू केला, तर मेसेज थांबायचं नावच घेईनात. ताडोब्यात मोबाईल न्यायला बंदी. पर्यटकांचे, गाईडचे, ड्रायव्हरचे, सगळ्यांचे फोन आत शिरताना गेटवर जमा होतात. तेवढ्या वेळात जगात काय उलथापालथ झाली होती देव जाणे.

“पाय बरं नागसेन, काय म्हणते हे?” त्याने फोन शेजारी बसलेल्या गाईडच्या हातात दिला. इंग्रजी म्हटलं की लटारूचे हात वर.

नागसेनने वाचलं आणि तो हसायलाच लागला. “लटारूभाऊ, तुमी इथी वाघ दाखवून राह्यले, अन् तुमचं क्रेडिट कार्ड तिकडं जॉर्जियात मजा मारून राह्यलं. तिबिलिसी म्हणून गाव हाय. हॉटेल. दारूचं दुकान. सोन्याचं दुकान. परत दारूचं दुकान.”

“कार्ड तर माह्या खिशात हाय ना बे!” लटारूने ते काढून दाखवलं. होतंच की खिशात. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“मंग तिथी आपलं कोण हाय?” नागसेन बोलून गेला आणि लगेच त्याचाच चेहरा उतरला. “नाई म्हणजे, मी आपलं असंच म्हणलं.”

तिथं आपलं कोण आहे, हे लटारूला काय सांगायला हवं? दिव्यानी होती. त्याची एकुलती एक पोरगी, तिबिलिसीत डॉक्टरकी शिकणारी. गेल्याच महिन्यात तो तिला भेटून आला होता. भाड्याची गाडी घेऊन बापलेक बर्फाचे डोंगर पाहून आले. उभा जन्म जंगलात गाडी हाणलेल्या बापाने तिथल्या रस्त्यावर उलट्या बाजूने गाडी चालवली, आणि पोरीने काय टाळ्या पिटल्या! गाडीवाल्याने कार्ड मागितलं तेव्हा लटारूने ते खुशाल त्याच्या टेबलावर ठेवलं आणि खुणेनेच सांगितलं, राहू द्या तुमच्यापाशी, गाडी आणून देतो तेव्हा नेतो. गेटवर महागडे महागडे फोन रोज जमा होतात आणि रोज ज्याचे त्याला मिळतात. ठेव म्हणजे ठेव. गाडीवाला आधी चक्रावला, मग छातीवर हात ठेवून हसला. परत आल्यावर त्याने कार्ड जसंच्या तसं हातात दिलं, वर चहा पाजला. इतका भला माणूस! त्याचा तर विचारसुद्धा लटारूच्या मनात आला नाही.

मनात आली ती दिव्यानी. फी भरायला म्हणून कार्डाचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होताच. या खेपेला तिने केस कापलेले दिसले. कोणाचा तरी फोन आला की बाजूला जाऊन बोलायची. छ्या! आपली पोरगी, अन् दारूच्या दुकानात? पण मग दुसरं कोण? डोक्याचा नुसता भुगा झाला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तो विचार काही केल्या हटत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. बँकेतली बाई होती.

“ओटीपी मागन तर देऊ नका,” नागसेन कुजबुजला. पण बाईने तसलं काही मागितलंच नाही.

“सर, तिबिलिसीतली ही खरेदी तुम्हीच केली आहे का? हो किंवा नाही, तेवढं सांगा.”

“नाई म्हणलं तर काय होते, बाई?”

“कार्ड बंद करू, सर. मग ज्याने वापरलं त्याची चौकशी होईल. तिथल्या पोलिसांकडेही जाऊ शकतं.”

पोलीस! परका मुलूख, पोरीचं शेवटचं वर्ष.

“हो,” तो म्हणाला. “मीच केली.”

“नक्की, सर?”

“मीच केली म्हणलं ना!” त्याने फोन बंद केला. नागसेन तोंड वासून त्याच्याकडे पाहत राहिला.

फोन खिशात ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. आता दिव्यानी.

“बाबा, तुमचं कार्ड पाहा बरं लवकर! तो गाडीवाला नाई का, त्याले पकडलं पोलिसाइनं. कोणी गाडी भाड्यानं नेली का त्याच्या कार्डाचा फोटो काढून ठेवे तो, अन् मंग त्या नंबरावर ऑनलाइन खरेदी करे. माह्या रूममेटच्या बाबाचं कार्ड पण त्यानंच साफ केलं. बँकेचा फोन आला तर नाई म्हणा, पैसे वापस येते.”

लटारू गाडीतून उतरला. तो जिप्सीच्या पायरीवर बसला. गाडीवाला! म्हणजे पोरगी नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आला होता फोन,” तो म्हणाला.

“नाई म्हणलं ना मंग?”

“हो म्हणलं.”

“अरे बाप्पा! काऊन?” ती हसली. “घाबरले असान. काई नाई होत, परत लावा. चुकून म्हणलं म्हणून सांगा, ऐकते ते.”

“लावतो.”

“काय काय घेतलं त्यानं?”

सांगायला नको होतं. पण एका सकाळी दोनदा खोटं बोलणं लटारूला जमलं नाही. “सोनं घेतलं. हॉटेल. अन् दारू.”

पलीकडून आवाजच येईना. रेंज गेली असेल म्हणून लटारू उठून उभा राहिला, फोन कानाला गच्च दाबून हॅलो, हॅलो करू लागला.

“अन् तुमी हो म्हणलं,” दिव्यानी म्हणाली.