न वळलेला घोडा

वायोमिंगच्या डोंगरउतारावरून गुरं खाली आणताना बिथरलेल्या वळूने धडक दिली आणि लॉर्नाचे सासरे घोड्यावरून मातीत पालथे पडले. तिने घाबरून पळण्यासाठी आपल्या घोड्याचा, बार्नीचा, लगाम खेचला. पण म्हाताऱ्या बार्नीचा उभा जन्म गुरांमागे गेलेला, तो वळेना. “फिर मेल्या, मरू आपण!” म्हणत तिने दोरीने कानांवर सपासप मारलं. तो पुढेच धावला आणि पडलेल्या सासऱ्यांपुढे आडवा झाला. वळूचं शिंग त्याच्या पोटात मुळापर्यंत घुसलं. लॉर्ना फेकली गेली. पडताना हातून उडालेली बंदूक सरपटत गाठून सासऱ्यांनी वळूच्या कपाळात गोळी घातली. “शाब्बास पोरी! माझ्यासाठी घोडा मध्ये घातलास!” ते ओरडले. आतडी बाहेर आलेला बार्नी पाय झाडत होता. “मी नाही, बाबा. तोच गेला. मी पळत होते,” लॉर्ना हुंदके देत म्हणाली. सासऱ्यांनी बंदूक तिच्या हातात दिली. “आता पळू नकोस. सोडव त्याला.”